एक्केचाळीस बाटल्या

रविवारी सकाळी सव्वासातच्या सुमाराला बायडाबाईनं दुधाची किटली कुंपणाच्या भिंतीवर ठेवली, पण रोजच्यासारखी लगेच वळली नाही. तोंडाला मास्क, त्यावर पदर, त्यामुळं तिचं बोलणं गोधडीतून आल्यासारखं येत होतं.

"एस्तेर, काय करपवलंस गं? परवाच्या सांजंपास्नं वास मारतोय. आमच्या गोठ्यापतूर आलाय."

"कसला वास?"

"जळका. काकवी करपल्यागत. म्हनलं तुमचं सणाचं काय चाललं आसंल."

एस्तेर अंगणात तांब्या घासत बसली होती. तिनं मान वर करून श्वास ओढला. मग पुन्हा ओढला.

"मला तर न्हाय येत," ती म्हणाली.

बायडाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या किटलीकडं बघितलं. "किटली ऱ्हाऊ दे तुज्याकडंच," म्हणाली आणि रोजच्या दुप्पट वेगानं गोठ्याकडं चालती झाली.

मांजरी गावातल्या चर्चच्या मागं दोन खोल्या आहेत. तिथं एस्तेर आणि तिचा नवरा शांतवन राहायची. शांतवन चर्चचा शिपाई. झाडलोट, घंटा, कुलूपकिल्ली त्याच्याकडं. एस्तेरला पगार नव्हता, पण एक काम तिचं म्हणजे तिचंच होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि रस घ्यायच्या विधीला, लागणारा द्राक्षरस ती करायची. काळ्या मनुका भिजत घालायच्या, चुलीवर मंद उकळायच्या, मलमलीच्या फडक्यातून पिळून घ्यायच्या. सव्वीस वर्षं तिनं हे केलं. त्याची शिस्तही होती. उपासनेआधी करणारीनं रसाचा थेंब जिभेला लावायचा नाही. पातेलं कधी उतरवायचं ते नाकानं ठरवायचं. ही शिस्त तिला मुक्ताबाईनं लावली होती. मुक्ताबाईनं त्याआधी तीस वर्षं हे काम केलं होतं. आता ती ब्याऐंशीची होऊन गावठाणाच्या टोकाला एका खोलीत एकटी राहत होती, दम्यानं बेजार होती, आणि ठार बहिरी नव्हती इतकंच.

मार्चमध्ये साथीमुळं चर्चला कुलूप लागलं ते सप्टेंबर आला तरी निघालं नव्हतं. पाळक, रेव्हरंड दिगंबर उजागरे, हडपसरला राहायचे. त्यांनी उपासना फोनवर आणली. मोठा फोन असेल त्याचा चेहरा दिसायचा, साधा असेल त्यानं नुसतं ऐकायचं. पहिल्या रविवारी सगळ्यांनी एकदम गायला सुरुवात केली आणि ते गीत कोणतं होतं हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. मग एकानं गायचं आणि बाकीच्यांनी आपापला आवाज बंद ठेवायचा असं ठरलं. आजाऱ्याच्या फाटकाबाहेर उभं राहून पाळक मोठ्यानं प्रार्थना करायचे. दफनाला मोजकी माणसं जायची, तीही लांब लांब उभी राहायची. हे सगळं मंडळीनं निभावून नेलं. प्रभुभोजनाचं मात्र काही जमेना. एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागत फिरायचा, तो आता कसा फिरवणार? म्हातारी माणसं पाळकांना फोनवर विचारायची, "सायेब, मरायच्या आधी मिळंल का?"

शेवटी पाळकांनी तोडगा काढला. औषधाच्या लहान बाटल्या आणायच्या, एकेकीत घरातल्या माणसांपुरता रस भरायचा, कागदात भाकरीचे तुकडे, आणि पिशवी प्रत्येकाच्या फाटकाला अडकवायची. रविवारी दहाला पाळक फोनवर आशीर्वाद म्हणतील, तेव्हा सगळ्यांनी एका वेळी घ्यायचं. चर्चच्या कमिटीतले ज्येष्ठ सभासद जयसिंग लोंढे यांना हे पसंत नव्हतं. कसबा पेठेतल्या एका शाळेत त्यांनी उभी नोकरी हेडक्लार्क म्हणून काढली होती आणि मंडळीलाही ते शाळाच समजायचे. "प्रभुभोजन म्हणजे दुधाचा रतीब नव्हे, पाळकसाहेब," ते म्हणाले. अखेर एका अटीवर कबूल झाले. रस ज्या घरात होईल तिथं आठवडाभर कुणी आजारी असता कामा नये.

गुरुवारी त्यांचा फोन आला. "एस्तेरबाई, घरात कुणाला ताप? खोकला?"

"न्हाय," एस्तेर म्हणाली.

बोलताना तिच्यासमोर खाटेवर शांतवन पांघरूण घेऊन पडला होता. बुधवारपासून त्याचं अंग मोडून येत होतं, अंगाला हात लावला की कोमट लागायचं. पावसात भिजला म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला दुसरीच भीती होती. आपण 'हो' म्हणालो तर काम जयसिंगरावांच्या बायकोकडं, हेमाबाईंकडं जाईल, आणि हेमाबाईंनी मागच्याच बैठकीत बाजारातलं तयार सरबत सुचवलं होतं. सहा महिन्यांनी मंडळी प्रभुभोजन घेणार आणि तेही बाजारच्या सरबतानं! एस्तेरला ते सोसवलं नसतं. म्हणून ती खोटं बोलली. शनिवारी शांतवनला बरं वाटलं, त्यानं सायकलवरून पिशव्या पोचवल्या, आणि तिला वाटलं, आपण फार काही खोटं बोललो नाही.

आता ती उठून घरात गेली. पातेलं फळीवर पालथं होतं. तिनं ते उलटं करून नाक आत घातलं. काही नाही. फळीवरून हिंगाची डबी काढली, उघडली, नाकाला लावली. काही नाही. कोपऱ्यातली रॉकेलची बाटली उघडून तिनं तोंड इतकं जवळ नेलं की डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांना झोंबलं, नाकाला पत्ताच नव्हता.

"काय चाललंय तुजं?" शांतवन खाटेवरून म्हणाला.

"हे हुंग."

त्यानं हुंगलं. "पाणी हाय का?"

"रॉकेल हाय."

तो उठून बसला. बसताना त्याला धाप लागली. "मला तर बुधवारपास्नं कशाचाच वास न्हाय," तो म्हणाला. "म्हनलं सर्दी आसंल."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तू इचारलंस कुटं?"

एस्तेर जमिनीवर बसली. शुक्रवारी संध्याकाळी पातेल्याच्या बुडाशी मनुकांचा काळा थर धरला होता. तिनं तो डोळ्यांनी बघितला होता, राखेनं घासून काढला होता. करपलं असतं तर वास आला असता, असं म्हणून तिनं रस गाळला. सव्वीस वर्षं तिनं नाकाचं ऐकलं होतं, आणि नाक गप्प होतं. त्याच हातांनी तिनं बाटल्या भरल्या, प्रत्येक बूच दाबून बसवलं, पदरानं पुसलं. एक्केचाळीस घरं. त्यात चार घरांत साखरेचे आजारी, एका घरात ओली बाळंतीण. आणि मुक्ताबाई, जिला नुसत्या धुरानं धाप लागते.

साडेसात वाजून गेले होते. तिनं पाळकांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. गुरुवारचं खोटंही सांगितलं.

"शांतवनला दम लागतोय का?" पाळकांनी विचारलं.

"बसल्या बसल्या लागतोय."

"आधी दवाखान्याची गाडी मागवतो त्याच्यासाठी. आणि मी जयसिंगरावांना जोडून घेतो, सगळ्यांचे नंबर त्यांच्याकडं आहेत. तुम्ही फोन ठेवू नका."

जयसिंगरावांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर एस्तेरला बरं वाटलं असतं.

"छान," ते म्हणाले. "मी विचारलं होतं, नाही का, बाई? की माझंच काही चुकलं?"

"इचारलं व्हतं."

"आता ऐका. मंडळीच्या फोनवरच्या गटावर मी लिहितो, रस बिघडला आहे, कुणी घेऊ नये, ओतून द्यावा. एवढंच. आजाराचं नाव काढायचं नाही. चर्चनं घरोघर रोग वाटला अशी बातमी झाली की गावात तोंड दाखवता येणार नाही कुणाला. आणि यात खोटं काही नाही. रस बिघडलाच आहे."

पाळक म्हणाले, "जयसिंगराव, लोकांनी बाटल्या हाताळल्यात. त्यांना कळायला नको?"

"कळून करणार काय? घाबरतील. साहेब, ही बाटल्यांची कल्पना तुमची होती. उद्या तुम्हालाही जाब द्यावा लागेल."

"बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं," पाळक म्हणाले. ते भले माणूस होते, पण त्या आठवड्यात त्यांनी तीन दफनं केली होती आणि त्यांचा आवाज थकलेला होता. एस्तेरला क्षणभर वाटलं, होऊ दे असंच. रस बिघडला. बाईच्या हातून एकदा रस बिघडतो, त्यात काय? कुणी बोट दाखवणार नाही. शांतवनची नोकरी राहील, खोल्या राहतील. मग तिला ती बाळंतीण आठवली. रस नुसता बिघडला म्हटल्यावर ती बाटली ओतून टाकेल आणि त्याच हातांनी लेकराला घेईल.

"न्हाय," ती म्हणाली. "माजं मी सांगते."

"एस्तेरबाई, जरा विचार करा—"

तिनं फोन ठेवला. लिहिता तिला फारसं येत नव्हतं, पण बोललेलं पाठवायचं कसं हे पाळकांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. तिनं बटण दाबून धरलं. "मी एस्तेर बोलते. मंडळीला सलाम. काल दिलेला रस कुणी पिऊ नगा. भाकरबी खाऊ नगा. मला वास यायचा बंद झालाय, शांतवनला ताप हाय, तो आम्ही लपवला. म्या खोटं बोलले. बाटलीला हात लावला आसंल तर साबणानं धुवा आन् अंगावर ताप येतोय का बघा. कुणी आधीच घेतलं आसंल तर पाळकसायबाला सांगा." बटणावरचं बोट तिनं शेवटपर्यंत उचललं नाही.

मग उत्तरं यायला लागली. साधा फोन असणाऱ्यांना पाळकांनी फोन करून सांगितलं आणि तसं गटावर कळवलं. ओतलं. हात धुतले. आम्ही अजून उघडलीच नव्हती. हेमाबाईंनी नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवलं, त्याचा अर्थ कसाही लागत होता. एकानं लिहिलं, 'विश्वास ठेवावा कुणावर.' शांतवन एकेक घर बोटांवर मोजत होता. साडेआठपर्यंत चाळीस घरं झाली.

"मुक्तामावशी," तो म्हणाला.

मुक्ताबाईकडं फोन नव्हता. तिच्या शेजारच्या तुळजाबाईच्या फोनवरून तिला उपासना ऐकवली जायची. एस्तेरनं तुळजाबाईला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. तुळजाबाई सकाळी जनावरांना घास आणायला जाते आणि फोन घरात फडताळावर असतो, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

"म्हातारी धाची वाट बघनार न्हाय," शांतवन म्हणाला. "काल पिशवी दिली तवाच म्हनली, उठल्याबरोबर न्हाऊन घेते आन् बसते. सा म्हैन्यांची उपाशी हाय."

पाळक हडपसरला, वाटेत अडथळे. शांतवन खाटेवरून उठू शकत नव्हता. एस्तेरनं दोन मास्क एकावर एक लावले, वरून पदर गुंडाळला आणि ती निघाली. पाळकांनी सांगितलेली गाडी येईपर्यंत घरात थांबायला हवं होतं, हे तिला कळत होतं. तरी गेली.

ती कालव्याच्या कडेनं गेली, कारण तिथं माणूस नसतं. दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि आत वारा शिरत नव्हता. भाद्रपदाचं ऊन ओल्या मातीवर पडून वाफ निघत होती. शंभर पावलांवर तिला दम लागला. ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. रोज दोन हंडे डोक्यावर घेऊन ती हीच वाट चालायची. मास्कच्या आत तोंडाला घाम सुटला होता, पण मास्कला हात लावायचा नाही हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, म्हणून तो घाम तसाच ओठांवर येत राहिला. आपण म्हातारीला मारलं, आपण आपल्या हातानं तिला मारलं, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

गावठाणाच्या तोंडाशी आडवे बांबू बांधले होते. बांबूशेजारी खुर्ची टाकून सर्जेराव बसला होता, बायडाबाईचा नवरा. ग्रामरक्षक म्हणून त्याला एक काठी आणि एक शिट्टी मिळाली होती. दोन्हींचा वापर तो मनापासून करायचा.

"कुटं?" त्यानं काठी आडवी धरली.

औषध आणायला, असं तिच्या तोंडावर आलं होतं. सकाळपासून एकदा खरं बोलून झालं होतं आणि त्याचा तिला फार थकवा आला होता.

"लांब सर, सर्जेराव," ती म्हणाली. "मला झालाय."

तो खुर्चीसकट मागं गेला. "आन् तोंड वर करून गावात आलीस? घरात पडायचं सोडून?"

"मुक्तामावशीला येवढं सांगते. मंग कुटं न्यायचं तितं न्या."

"सकाळी तुज्याकडं दूध दिलंय माज्या बायकोनं."

"किटली माज्याकडंच हाय. तिनं हात न्हाय लावला."

सर्जेरावनं गावाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि घसा खाकरला. म्हातारीच्या हातचं द्राक्षांचं लोणचं त्याच्या लहानपणापासून त्याच्या घरी यायचं. पण त्याला काठीचा मान राखायचा होता. "गल्लीतनं न्हाय जायचं," तो म्हणाला. "मागनं जा. गटारीच्या कडंनं. भिताडाला हात लावायचा न्हाय."

एस्तेर घरांच्या मागून, सांडपाण्याच्या चिखलातून चालत गेली. तिच्या वहाणा दोनदा रुतल्या. एक तिनं तिथंच सोडली. दहा-बारा पावलं मागं ठेवून सर्जेराव काठी घेऊन येत होता आणि वाटेतल्या परसदारांना ओरडून सांगत होता, "आत व्हा! दारं लावा!" ज्यांच्याबरोबर ती बाजाराला जायची त्या बायकांनी तिच्या तोंडावर दारं लावली. तिला लाज वाटत होती, पण म्हातारीची भीती त्याहून मोठी होती.

मुक्ताबाईच्या खोलीमागं वीतभर परस होतं. त्यात कढीपत्त्याचं झाड, एक दगड, आणि दगडावर म्हातारी पांढरं धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. केस ओले होते. डोळे मिटलेले होते.

"मावशी!" एस्तेर कुंपणाबाहेरून ओरडली.

म्हातारी हलली नाही. सर्जेरावनं मागून जोरात शिट्टी फुंकली, तेव्हा मुक्ताबाईनं डोळे उघडले.

"कोन?"

"मी एस्तेर! मावशी, बाटली पिऊ नगंस! मला रोग झालाय!"

"आं?"

"रोग! मला! बाटली पिऊ नगंस!"

ओरडताना तिला खोकला आला आणि ती कुंपणापासून आणखी मागं सरकली. आजूबाजूच्या खिडक्या आतून बंद झाल्या. शेजारच्या अंगणात घासाचा भारा टाकून तुळजाबाई नुकतीच आली होती, ती भाऱ्याशेजारीच थांबली. मुक्ताबाईनं दगडामागून लहानशी बाटली काढली आणि वर धरली. ती रिकामी होती.

एस्तेर चिखलातच बसली. "कवा घेतलंस, मावशी? कवा?" ती म्हणत होती, पण आवाज मास्कच्या बाहेर पडत नव्हता. पलीकडं तुळजाबाईनं तोंडाला हात लावला.

म्हातारी उठली आणि काठी टेकत कुंपणाकडं येऊ लागली. "तितंच थांब, मावशी!" असं एस्तेर आणि सर्जेराव एकदम ओरडले. त्यांच्या हातांकडं बघून ती थांबली. तिचा चेहरा पडला होता. एस्तेरनं तिला रागात बघितलं होतं, दुखण्यात बघितलं होतं, पण असं अपराध्यासारखं कधी बघितलं नव्हतं. हीच बाई होती, जिनं चटईवर सांडलेल्या एका थेंबापायी चटई धुऊन ते पाणी चर्चच्या आवारात पुरायला लावलं होतं.

मुक्ताबाईनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, तोंडापुढं हात आडवा धरला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती जातो ते कळत नाही. कुजबुजायचं म्हणून ती जे बोलली ते साऱ्या गल्लीनं ऐकलं.

"ओतून दिली गं! नाकाशी नेली आन् कळलं, करपलंय. म्हनलं, एस्तेर आन् करपवंल? पुन्यांदा हुंगली. करपल्यालंच! सा म्हैने वाट बघितली आन् माज्या घशाखाली उतरंना. कढीपत्त्याच्या बुडाला ओतली. परभूचं पाप झालं माज्याकडनं. सकाळपास्नं माफी मागत बसलीया. तू पाळकसायबाला सांगू नगंस!"

एस्तेर रडायला लागली. दोन मास्कांच्या आत तिचं नाक भरून आलं, श्वास अडकला, तरी ती रडतच राहिली. आनंदानं माणूस इतकं रडतं हे सर्जेरावनं कधी बघितलं नव्हतं. "म्हातारी प्याली न्हाय ना? मंग?" तो तुळजाबाईला विचारत होता. लांब रस्त्यावर गाडीचा भोंगा ऐकू आला आणि चर्चकडं वळला.

"रडू नगं," मुक्ताबाई ओरडून म्हणाली. "करपतं कवा कवा. मी काय बोलले का तुला?"

मग तिला काहीतरी आठवलं. तिनं मान पुढं काढली.

"आन् तू आल्तीस कशाला?"

एस्तेर चिखलातून उठली. एक पाय अनवाणी होता. सकाळपासून हे वाक्य ती कितव्यांदा म्हणत होती ते तिला आता मोजता येत नव्हतं. छातीत मावेल तेवढा श्वास घेऊन ती ओरडली, आणि या वेळी तिला लाज वाटली नाही.

"मला रोग झालाय, मावशी! हात साबणानं धू!"

आता म्हातारीला ऐकू आलं. ती तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं काठी आपटली.

"मंग घरी जाऊन झोप की!" ती ओरडली. "चिखलात काय हुबी ऱ्हातीस?"